जुनी वही
आमच्या घरात दोन संगणक. एक माझा, दुसरा चिरंजीवांचा. त्याचे नाव 'ओसरी'. परवा माझ्या यंत्राने जाहीर केले, ओसरी सापडत नाही! ओसरी भिंतीपलीकडे होती आणि चिरंजीव तिच्यापुढे लोळत होते.

झाले होते असे. नावावरून आकडी पत्ता काढताना यंत्र आधी स्वतःच्या 'होस्ट्स' फायलीत बघते. तिथे मिळाला की बाहेर कुणाला विचारत नाही. ओसरीचा पत्ता तिथे मीच कधीतरी लिहून ठेवला होता. मध्ये राउटरने तिला नवा पत्ता दिला, आणि यंत्र बापडे जुन्याच दारावर थापा मारत बसले. ती ओळ खोडली, यंत्राने राउटरला विचारले, ओसरी सापडली.

"बाबा, स्वतःच्या वहीवर एवढा विश्वास बरा नव्हे," चिरंजीव म्हणाले.

मी हसलो, पण ते लागलं. आमचे उस्मानाबाद २०२३ मध्ये धाराशिव झाले, तरी अर्जावर माझा हात अजून 'उ' काढतो. ते चालतं, खाडाखोड करता येते. पण २०१५ च्या दुष्काळात हप्ते थकलेला एक शेतकरी माझ्या डोक्यातल्या वहीत अजून 'बुडव्या' आहे. पुढे त्याने पै न् पै फेडली. तरी तो काउंटरवर आला की मी आधी चष्मा पुसतो, मग मान वर करतो.

प्रत्येकाची दर वेळी नव्याने चौकशी करायची तर बँक चालणार नाही, हे खरं. पण कधीच करायची नाही?

काल तो मुलीच्या शिक्षणकर्जासाठी आला. चष्मा न पुसताच मी म्हटलं, "बसा, अण्णा."

कर्जाचं साहेब ठरवतील. एक ओळ मात्र मी खोडली.