शेवटच्या आजारातली चव

वऱ्हाडातल्या घरात कॅन्सर चौथ्या स्टेजला पोचला, की भेटायला येणाऱ्यांचं बोलणं बदलतं. "आता देवाचं नाव घे माय, खाण्यापिण्यात जीव कायले गुतवतं?" माउलीला मात्र दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर हवी असते, संध्याकाळी अंगणात खाट टाकून हवी असते. याला आसक्ती म्हणायचं का? अजिबात नाही.

गीतेच्या सातव्या अध्यायात श्रीकृष्ण आपली ओळख सांगतो, तेव्हा पाण्यातली चव आणि मातीतला सुगंध ही आपलीच रूपं असल्याचं सांगतो. मृगाची पहिली सर आल्यावर काळ्या मातीच्या वासासाठी खिडकी उघडायला लावणारा रोगी मग देवापासून दूर कसा गेला? सहाव्या अध्यायात तर अति खाणाऱ्याइतकंच मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही, असं बजावलं आहे. वैराग्याचं भांडण हावेशी आहे, चवीशी नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज कॅन्सरनेच गेले, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात. पुण्यतिथी महोत्सवात त्यांच्या निधनाच्या वेळी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, तिथे जमलेले हजारो लोक आजही स्तब्ध उभे राहतात. नागपूरच्या प्रादेशिक कॅन्सर रुग्णालयालाही त्यांचंच नाव आहे. त्यांच्या 'ग्रामगीते'त ईश्वराच्या चिंतनाबरोबर गावची सफाई, आहार, व्यायाम, लग्नातला खर्च हेही येतं. अध्यात्म तेवढं उंच आणि रोजचं जगणं हलकं, ही वाटणी त्यांनी मानलीच नाही. मग आजाऱ्याच्या उशाशी बसून ती आपण का मानावी?

रामकृष्ण परमहंसांची गोष्ट इथे आठवते. घशाच्या कॅन्सरने घास उतरेना, तेव्हा शिष्य नरेंद्राने हट्ट धरला, की कालीमातेकडे मागा. त्यांनी मागितलं. मातेने शिष्यांकडे बोट दाखवलं: इतक्या तोंडांनी तूच तर जेवतो आहेस! १६ ऑगस्ट १८८६ रोजी ते गेले. देह विसरण्याचा धडा म्हणून ही गोष्ट सांगतात, पण त्यात जेवणाचा आनंद कुणी नाकारलेला नाही, तो इतरांत वाटला गेला. तंबाखूच्या खर्र्याने तोंड गमावलेल्या, नळीवाटे अन्न घेणाऱ्या माणसाला हे चांगलं कळतं. मोर्शी-वरुडची संत्री त्याला झोंबतात, म्हणून तो फोड सोलून नातीच्या हातावर ठेवतो आणि ती खाताना टक लावून पाहतो. त्याच्या वाट्याचं सुख तेव्हा खरोखरच त्याला मिळालेलं असतं.

मात्र वेदनेने तळमळणाऱ्याला असं सुख सांगणं हा क्रूरपणा आहे. आधी दुखणं थांबलं पाहिजे. मॉर्फिन मिळवणं सोपं व्हावं म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, तरी 'त्याची सवय लागेल' ही भीती घराघरांत आहे. भोग म्हणून सोसायला लावणारे नातेवाईकही भेटतात. याउलट, वऱ्हाडातल्याच शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेल्यांना आसरा देते. वऱ्हाडातून गेलेल्या कुटुंबालाही तिथे पाठ टेकायला जागा मिळते. बाबांनी भुकेल्याला अन्न आणि रोग्याला औषध हाच देवधर्म मानला. त्या हिशोबाने वेळेवर दिलेली मॉर्फिनची गोळी आणि त्यानंतर आजीने मागितलेली अर्धी वाटी आंबील, दोन्ही पूजेतच मोडतात.