मुंढ्याचं माप

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर कोरलेली युगुलं पाहताना नजर आधी बायकांच्या दागिन्यांवर जाते. कमरेची मेखला, कानातली जड आभूषणं, अंगाला बिलगलेल्या वस्त्राची रेघ. दोन हजार वर्षांपूर्वी हे कोरणारे हात बहुधा पुरुषांचेच होते. शेजारी एकवीरा आईचं देऊळ आहे. तिथे देवीला साडी नेसवून तिचा साज करणारे गुरवही पुरुष. गड उतरून लोणावळ्याच्या बाजारपेठेत आलं, तर गळ्यात टेप अडकवून ब्लाउज बेतणारे मास्टर भेटतात. गावात त्यांना मान असतो. पण याच गावातला एखादा मुलगा बारावीनंतर म्हणू दे, मला बायकांच्या कपड्यांचं डिझाइन शिकायचंय. घरात शांतता पसरते आणि मित्र टाळ्या वाजवून दाखवतात.

फरक कामात नाही, कारणात आहे. शिंपी पोटासाठी किंवा बापाचा धंदा म्हणून शिवतो, तेव्हा ते चालतं. मुलगा आवड म्हणून तेच काम निवडतो, तेव्हा त्याच्या पुरुषपणावर संशय येतो. बाईच्या वस्त्रात पुरुषाला रस असूच कसा शकतो, हा त्या हसण्यामागचा प्रश्न आहे.

महाराष्ट्राने तरी हे विचारू नये. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1911 साली ‘मानापमान’मधली भामिनी आणि 1916 साली ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी होऊन रंगमंचावर आले. त्यांची नेसण, अंबाडा, दागिने घरंदाज बायका पाहून जात आणि तसंच करून पाहत. त्या काळच्या मराठी बाईच्या सौंदर्याची रीत एका पुरुषाने घडवली आणि समाजाने त्यांना डोक्यावर घेतलं.

पॅरिसचा इतिहास तर अगदी उलट्या दिशेने गेला आहे. तिथे बायकांचे कपडे शिवण्याचा अधिकृत हक्क पुरुष शिंप्यांच्या संघाकडे होता. 1675 मध्ये शिवणकाम करणाऱ्या बायकांना त्यांचा स्वतंत्र संघ मिळाला. पुढे 1858 मध्ये बायकांचे कपडे बेतणारे चार्ल्स वर्थ यांनी तिथे दुकान थाटलं, तेव्हा पुरुषाने बाईच्या अंगावर कपडे बेतून पाहावेत हेच लोकांना खटकलं. जे एकदा पुरुषांचंच काम होतं, ते दोनशे वर्षांत पुरुषाला न शोभणारं ठरलं.

अशा मुलाची बाजू घेणारे चटकन म्हणतात, ‘अहो, तो तसा नाही, त्याचं लग्न ठरलंय.’ मला हा बचाव टोमण्याहून वाईट वाटतो. कारण ‘तसा’ असणं हा कलंक आहे, हे त्यात आधीच मान्य केलेलं असतं. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स समलिंगी होते आणि ते उघडपणे सांगत. त्यांनी कुणबी साडीला पुन्हा प्रतिष्ठा दिली, गोव्याच्या पेहरावाचा इतिहास लिहिला. 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2020 मध्ये ते गेले. त्यांची साडी नेसणाऱ्या बाईला त्यांच्या घरी कोण राहतं याने काय फरक पडावा?

दुसरा संशय लंपटपणाचा. 2024 मध्ये उत्तर प्रदेशच्या महिला आयोगाने पुरुष शिंप्यांनी बायकांची मापं घेऊ नयेत असं सुचवलं. वाईट स्पर्शाची भीती खोटी नाही, बायकांनी ती भोगली आहे. पण आपल्या बाजाराने त्यावर कधीच वाट काढलेली आहे: मापाचा ब्लाउज द्यायचा. चांगला मास्टर त्याच्यावरूनच मुंढा, छाती, टक्स पाहतो, आणि ‘हात वर करताना काखेत ओढतो का?’ एवढंच विचारतो. बाईचं शरीर समजून घेणं आणि त्याच्यावर डोळा ठेवणं यांतलं अंतर या एका प्रश्नात दिसतं.

तिसरा समज कौतुकाचा आहे, म्हणून त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. पुरुष या क्षेत्रात शिरला की तो ‘मास्टर’, ‘कलावंत’. फॉल-पिको करणारी, हूक लावणारी, काजं करणारी बाई मात्र ‘घरबसल्या चार पैसे मिळवते’. खिल्ली उडवणारे आणि आरती ओवाळणारे दोघेही शिवणकामाला बायकी समजतात. एकजण त्यासाठी मुलाला खाली ओढतो, दुसरा त्याच कामातून पुरुषाला वेगळा काढून वर बसवतो. डिझाइन शिकू पाहणाऱ्या त्या मुलाच्या बाजूने मी पूर्ण उभा आहे, पण त्याच्या ब्लाउजची काजं करणाऱ्या बाईचं नाव आणि तिची मजुरी त्याच्या पहिल्याच बिलावर वेगळी लिहिलेली मला पाहायची आहे.