दान कोणी करावयाचे?

दत्तकाचा विचार आपल्या धर्मशास्त्रात इतक्या बारकाईने झालेला आहे की, त्यासाठी नंदपंडिताने ‘दत्तकमीमांसा’ हा स्वतंत्र ग्रंथच रचला; परंतु त्या साऱ्या ऊहापोहात पिंड कोण देईल, वंश कोण चालवील, दौलतीला वारस कोण, हीच चिंता मुख्य असून, ज्या मुलाला उचलून परक्या घरी नेऊन बसवावयाचे त्याचे स्वतःचे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. दत्तक हे दान. दान म्हटले की दाता आला, आणि पुत्राचे दान करण्याचा अधिकार जन्मदात्या मातापित्यांखेरीज कोणासही नाही. म्हणजे ज्याचे आईबाप हयात असतील त्यालाच दुसरे मिळावेत, आणि ज्याला कोणीच नाही त्याला कोणीही मिळू नये! तर्कात कोठेही चूक नाही, आणि निष्कर्ष मात्र असा निर्दय.

वास्तविक मनूने गणलेल्या बारा पुत्रांत, आईबापांनी टाकलेला व दुसऱ्याने स्वीकारलेला ‘अपविद्ध’ आहे, आणि तोही दायाद बांधवांच्या पहिल्या षट्कात; मातापितृहीन होऊन आपणच आपले दान करणारा ‘स्वयंदत्त’ही, दायाविना का होईना, त्या यादीत आहे. पुढे कलिवर्ज्याच्या आधाराने औरस आणि दत्तक एवढे दोनच शिल्लक राहिले. कलियुगात माणसे मुले टाकणार नाहीत, अशी निबंधकारांची समजूत होती की काय, कोण जाणे. इकडे 1863 साली जोतीराव फुल्यांना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले, आणि तेथेच जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला त्यांनी व सावित्रीबाईंनी आपले नाव दिले.

बंद झालेले हे दार कायद्याने उघडले ते 1956 साली, आणि टाकलेल्या मुलासाठी तर 1962 च्या दुरुस्तीनंतर. पालकाने अदालतीची परवानगी घेऊन दान करावे, अशी तजवीज झाली. आज बालकल्याण समिती चौकशी करून मूल दत्तक देण्यास मोकळे असल्याचा दाखला देते; त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिन्यांची व त्याहून मोठ्याला चार महिन्यांची मुदत आहे. दात्याच्या आसनावर आता सरकार बसले आहे.

तरीही जुन्या कल्पनेतील एक अंश मला मोलाचा वाटतो: केलेले दान परत घेता येत नाही. विधिपूर्वक झालेले दत्तक बापाला मोडता येत नाही आणि मुलालाही नाकारता येत नाही, हा नियम 1956 च्या कायद्यानेही राखला. बालगृहात अन्नवस्त्र मिळते, अधीक्षक दयाळूही असतो; पण त्याची बदली होते. मुलाला हवे असते ते बदली न होणारे माणूस, आणि धर्म त्या अपरिवर्तनीयतेत आहे, पिंडात नव्हे, असे माझे मत आहे.

अडचण उरते ती थोराड मुलांची. दत्तकाचा हुकूम देण्यापूर्वी मुलाचे वय व समज पाहून त्याची इच्छा विचारात घ्यावी, असे कायदा सांगतो, म्हणजे स्वयंदत्त एका परीने परत आला; परंतु घेणाऱ्यांची मागणी बहुधा तान्ह्या बाळाचीच असल्यामुळे, आठ-नऊ वर्षांच्या मुलाची इच्छा विचारण्याचा प्रसंगच पुष्कळदा येत नाही.