नकाराची रीत

सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव चक्राकार आहे. एरवी बारवेच्या पायऱ्या सरळ खाली उतरतात. इथल्या पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत जातात. गाळाने, कचऱ्याने बुजत चाललेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानातून मोकळी केली. श्रमदानाचे कौतुक आपण भरभरून करतो, पण त्यातला एक अवघड प्रश्न बाजूलाच राहतो. पाटीभर गाळ कोणीही उपसावा, त्याला कोणाची हरकत नसते. उद्या कोणी म्हणाले की खचलेल्या पायऱ्या मी स्वखर्चाने सिमेंटने बांधून देतो, तर? हेतू चांगला, पैसा त्याचा, मेहनतही त्याचीच. त्याला ‘नको’ कोणी म्हणायचे? आणि दुसऱ्या दिवशीही तो पाटी घेऊन यावा, असे म्हणायचे कसे?

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे जग रोज याच प्रश्नाला तोंड देते. त्याचा कोड कोणीही वाचावा, उतरवून घ्यावा, आपल्यापुरता बदलावा. लायसन्सच तशी मुभा देते. मात्र आपला बदल मूळ कोडमध्ये जावा असे वाटले, तर तो ‘पॅच’ म्हणून मांडावा लागतो आणि घ्यायचा की नाही हे प्रकल्प सांभाळणारे, म्हणजे मेंटेनर, ठरवतात. लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात, आज हजारो जणांचा हात आहे. तिथला पॅच त्या-त्या विभागाच्या मेंटेनरच्या नजरेखालून जातो. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी सहीची ओळ पाठवणाऱ्याला लिहावी लागते. ही पद्धत २००४ पासूनची. एकदा ‘हो’ म्हटले की तो कोड वर्षानुवर्षे सांभाळणे मेंटेनरच्या गळ्यात पडते. देणारा उद्या भेटेलच याचा नेम नाही. म्हणून घेणारा सावध असतो.

निर्णयाच्या रीती अनेक आहेत. पायथॉन या संगणकभाषेत शेवटचा शब्द तिचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांचा असे. २०१८ साली एका छोट्या व्याकरणबदलावरून इतकी कटुता आली की त्यांनी तो अधिकारच सोडला. पुढच्या वर्षी निवडून आलेल्या पाच जणांच्या मंडळाने कारभार हाती घेतला. लिनक्सवर आधारलेल्या डेबियन प्रकल्पाने १९९८ मध्येच स्वतःची घटना लिहिली आणि तिथला प्रकल्पप्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. तरीही २०१४ मध्ये संगणक सुरू होताना सेवा चालवणारे ‘सिस्टमडी’ स्वीकारावे का, यावर तांत्रिक समितीत समसमान मते पडली. अध्यक्षांच्या निर्णायक मताने प्रश्न सुटला, पण नाराजांनी ‘देवुआन’ नावाची वेगळी चूल मांडली. अपाचे फाउंडेशनच्या प्रकल्पांत कोडमधला बदल एकट्या कमिटरच्या, म्हणजे कोडमध्ये थेट बदल करू शकणाऱ्या सदस्याच्या, विरोधानेही अडू शकतो, मात्र त्यामागे तांत्रिक कारण द्यावे लागते. नुसते ‘मला पटत नाही’ तिथे चालत नाही.

एकाच्या विरोधाला एवढे वजन देणारे एक गाव महाराष्ट्रातही आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सर्वसहमती होईपर्यंत बोलत राहते. विषय आधी अभ्यासगटात चघळला जातो. सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला २००९ मध्ये मिळाला. असा कारभार ओपन सोर्सवाल्यांना ओळखीचा वाटेल. पण एक फरक मूळचा आहे. कोडची प्रत घेऊन वेगळे होता येते, त्याला ‘फोर्क’ म्हणतात. जंगलाची प्रत निघत नाही, बारवेचीही नाही. म्हणून गावात चर्चेला पर्याय नसतो आणि सॉफ्टवेअरमध्ये मेंटेनर मुजोर झालाच, तर लोक कोड घेऊन निघून जातील हा धाक असतो. २०१० मध्ये ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरमधून लिबरऑफिस असेच निघाले.

मात्र हा धाक सगळ्यांच्या हाती सारखा नसतो. फोर्क चालवायला माणसे, वेळ आणि पैसा लागतो. वालूरसारख्या गावातून पहिला पॅच पाठवणाऱ्या मुलीला ‘पटत नसेल तर वेगळे व्हा’ सांगणे म्हणजे तिला वाटेला लावणेच. तिच्या पदरात पडण्यासारखे एकच असते: नकारामागचे कारण. ते नीट लिहिलेले असेल तर ती शिकते, दुसरा पॅच बरा येतो आणि काही वर्षांनी ती स्वतः इतरांचे पॅच तपासते. मेंटेनर असेच घडतात.

मग सढळ हाताने होकारच का देऊ नये? २०२४ मध्ये त्याचे उत्तर मिळाले. फाइली दाबून लहान करणारे ‘एक्सझेड’ हे साधन एक थकलेला मेंटेनर जवळपास एकट्याने सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्याने दोनेक वर्षे इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला आणि मग चोरवाट पेरली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला ती सापडली. कोड वापरणारे पुष्कळ होते. वाचणारे कमी पडले.

म्हणून या चळवळीत यायचे असेल तर स्वतःचा पॅच पाठवण्याआधी दुसऱ्याचा तपासावा, कुठे चुकते ते सौम्यपणे लिहावे. आणि एखादा प्रकल्प किती खुला आहे हे जोखायचे, तर त्याने स्वीकारलेल्या बदलांपेक्षा नाकारलेले बदल वाचावेत. तिथे अनोळखी माणसालाही कारण मिळाले असेल, तर तो प्रकल्प खरोखर लोकांचा आहे.