कळफलक आणि गळा

टंकलेखनयंत्र आणि पियानो यांचे साम्य केवळ वरवरचे नाही. ते त्या यंत्राच्या जन्मापासूनचे आहे. अमेरिकेतील मुद्रक व संपादक ख्रिस्तोफर शोल्स याने १८६८ साली ज्या यंत्राचे पेटंट मिळविले, त्यातील अक्षरे उमटविण्याची योजना पियानोच्या पट्ट्यांसारखीच होती. पुढे १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणले, तोवर त्या पट्ट्यांची जागा चार ओळींत मांडलेल्या गोल कळांनी घेतली होती, आणि अक्षर व स्वर हे दोन्ही बोटांनीच उमटत असूनही एकाची रवानगी कचेरीत झाली व दुसरा दिवाणखान्यात राहिला. या दोहोंना पुन्हा एका चौकटीत बसविण्याचा प्रयत्न चालू शतकाच्या पहिल्या दशकात सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘प्रॉडिकीज’ या नावाने केला. वर संगणकाचा नेहमीचा कळफलक, खालच्या कडेला तीन सप्तकांच्या सदतीस लहान पट्ट्या, आणि वादन नसेल तेव्हा त्या झाकून मनगट टेकण्यासाठी एक झाकण, अशी ती रचना होती. आता तर तेवढाही खर्च नको. ध्वनिमुद्रणाच्या अनेक आज्ञावलींत अक्षरांची मधली ओळ पांढऱ्या पट्ट्यांचे काम करते आणि तिच्या वरच्या ओळीतील काही कळा काळ्या पट्ट्यांचे.

वऱ्हाडात, चिखली तालुक्यातील आमच्या उंद्रीसारख्या गावी या सोयीचे महत्त्व शहरातल्याहून अधिक आहे असे मला वाटते. येथे पेटी बहुधा भजनी मंडळाची असते, देवळाच्या कपाटात कुलूपबंद राहते, आणि सप्ताहाला किंवा काकड्याला बाहेर निघते. मनात आलेली चाल रात्री अकरा वाजता बोटांखाली घालून पाहावी म्हटले तर ती कुणापाशी मागायची? परंतु टंकलेखनाच्या परीक्षेसाठी किंवा अर्जफाटे भरण्यासाठी घेतलेला संगणक ज्या घरात आहे, त्या घरातील मुलगा कानाला हेडफोन लावून, शेजाऱ्याची झोप न मोडता, तीच चाल वाजवू शकतो, साठवू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी मंडळाला ऐकवू शकतो.

मात्र अक्षराची कळ आणि स्वराची पट्टी यांच्यात एक मूलभूत भेद आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. अक्षराची कळ दाबली गेली किंवा नाही, एवढेच सांगते. हळुवार दाबलेला ‘क’ आणि रागाने आपटलेला ‘क’ कागदावर सारखाच उमटतो. स्वराच्या पट्टीखाली मात्र बहुधा दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा, आणि या दोहोंमधील क्षणाचा अंशभाग मोजून यंत्र आघाताचा जोर ठरविते. शिवाय साध्या कळफलकाच्या तारांची जाळी अशी विणलेली असते की काही विशिष्ट तीन कळा एकदम दाबल्या तर तिसरी नोंदलीच जात नाही. म्हणून अक्षरांवर वाजविलेले भजन स्वरांनी बरोबर असूनही सपाट लागते; त्यात उच्चार असतो, आघात नसतो.

पट्टीच्या वाद्याविषयी महाराष्ट्राने यापूर्वी फार गंभीर वाद घातला आहे. सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य घेऊन बावीस श्रुतींचे मोजमाप केले, १९१० मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्यासह श्रुतींची पेटीही सिद्ध करविली. बडोद्याच्या १९१६ च्या संगीत परिषदेत तिच्यावर कडाक्याचा वाद झाला. साध्या पेटीत श्रुती बसत नाहीत ही देवलांची तक्रार निराधार नव्हती. अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ व्या भागाशी असतो आणि समविभागी पेटीचा गंधार ४०० व्या. चौदा भागांचे हे अंतर सरावलेल्या कानाला टोचते. मींड तर पेटीत नाहीच. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला आपल्या दारात उभे केले नाही, त्यामागे हेच आक्षेप होते. तरीही मराठी रंगभूमी पेटीवाचून एक दिवस चालली नाही, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी, ज्या वाद्यात मींड नाही त्यातूनच, भास्करबुवा बखल्यांच्या गायकीचा आभास निर्माण करून दाखविला. त्यांनी गळ्याचे अनुकरण पट्टीला शिकविले. पट्टीपाशी गळ्याला शिकवणी लावली नाही. माझ्या मते सगळा प्रश्न या क्रमाचा आहे.

संगणकाने त्यात एक नवी गोष्ट आणली. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये परस्परांशी जोडता यावीत म्हणून १९८३ साली ‘मिडी’ हा जो संकेत ठरला, त्यात ध्वनी मुळी नसतोच. कोणती पट्टी दाबली, केव्हा, किती वेगाने, आणि केव्हा सोडली, इतकीच त्यात नोंद असते. पट्ट्यांना शून्यापासून १२७ पर्यंत क्रमांक, आघातालाही तेवढेच. सात-बाराच्या उताऱ्यात क्षेत्र असते, आकार असतो, मातीचा कस नसतो, तशीच ही नोंद. आणि उताऱ्याप्रमाणेच हिच्यातही मागाहून फेरफार दाखल करता येतो. चुकलेला स्वर सरकविता येतो, पट्टी काळी एकवरून काळी चारवर नेता येते, हे मोठेच उपकार. पण एका आज्ञेसरशी सर्व स्वर मात्रेच्या रेषेवर ओढून बसविण्याचीही त्यात सोय आहे, आणि तिची मला श्रुतींच्या प्रश्नाहून अधिक धास्ती वाटते. भजनी ठेका घड्याळाच्या लयीत चालत नाही; अभंग संथ उठतो, टाळकऱ्यांच्या अंगात तो भिनतो तशी लय कणाकणाने चढते, आणि गजरापाशी ती आरंभीच्या दुपटीच्याही पुढे गेलेली असते. ही चढण दोष समजून यंत्राने सरळ केली, तर उरतो तो अभंगाचा सांगाडा. शिवाय मृदंगी आणि त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर उभा असलेला टाळकरी यांच्यात सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याचे अंतर असतेच, कारण ध्वनीला तेवढे चालून जायला तेवढाच वेळ लागतो. मंडळाचे भरीव नादमंडळ काही अंशी याच विखुरण्यातून घडते.

म्हणून घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या आमच्या तरुणांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, आधी गाणाऱ्याचा आवाज ध्वनिग्राहकाने घ्यावा, तोही यंत्राची टिकटिक बंद ठेवून. टिनाच्या छपरावर पाऊस वाजत असेल तर थांबावे, दाराला गोधडी लावावी, भारनियमनाचे वेळापत्रक पाहून बसावे. मग त्या आवाजाच्या लयीनुसार संगणकातील मात्रांच्या रेषा मागेपुढे कराव्यात. ही सुविधा पुष्कळ आज्ञावलींत असते आणि तिला हात लावण्याचे कष्ट फार थोडे घेतात. पट्ट्यांवरची साथ त्यानंतर भरावी. खंजिरी भजनाच्या ज्या चाली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रभावाने वऱ्हाडात गावोगाव रुजल्या, त्यांपैकी कित्येक आज केवळ वृद्धांच्या कंठात आहेत. त्यांची प्रत्येकी दोन दप्तरे झाली पाहिजेत. एक आवाजाचे, ज्याला कोणीही हात लावू नये. आणि दुसरे पट्ट्यांच्या नोंदींचे, ज्यावरून शिकणाऱ्याला चाल स्वरास्वराने उलगडून घेता येईल, आणि जेथे शंका येईल तेथे पहिले दप्तर काढून पाहता येईल.