त्रास नको म्हणून

२०१५ साली निवृत्तीनंतर आम्ही उभयता आरव्ही घेऊन जर्सी सिटीहून निघालो, जुन्या मित्रांना भेटायला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! (स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आत असल्याने घराजवळचा १९२७ सालचा हॉलंड टनेल अशा गाडीला वर्ज्य. सुदैवाने आमचे मित्र सगळे पश्चिमेला.)

१९७४ साली जर्नल स्क्वेअरजवळ दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहत होतो. पहाटेची पाथ ट्रेन गाठणारा झोपलेल्यांना ओलांडून जाई. नवा आलेला कुणीही पत्ता शोधत थेट दाराशी येई.

त्यांतलाच एक मित्र क्लीव्हलंडला असतो. त्याच्या दारात गाडी लावली. वहिनी म्हणाल्या, "चार बेडरूम रिकाम्या, आणि तुम्ही गाडीत झोपणार?"

"उगीच तुम्हाला त्रास नको," मी म्हणालो.

मित्र हसला नाही. "पहिल्या हिवाळ्यात तुझा ओव्हरकोट मी महिनाभर वापरला. तेव्हा विचारलं होतं का, तुला त्रास होतो का म्हणून?"

रात्री गाडीत झोप लागेना. कोट देताना मला किती बरं वाटलं होतं! मग त्यांच्याकडून साधं अंथरूण घ्यायला एवढा संकोच का? हा सुसंस्कृतपणा, की कुणाचं देणं नको हा ताठा? वहिनींचे गुडघे दुखतात, हेही खरंच होतं.

सकाळी हिने उशा उचलल्या आणि आत गेली. "वहिनी, आज पोळ्या मी करते," म्हणाली, "पण झोपणार तुमच्याकडेच."