कुणाच्या शब्दावर?

लंडनच्या रॉयल सोसायटीला 2010 साली साडेतीनशे वर्षं झाली. 28 नोव्हेंबर 1660 रोजी तिथल्या ग्रेशम कॉलेजात ख्रिस्तोफर रेन यांचं व्याख्यान झालं. ते संपल्यावर बारा माणसं बोलत बसली आणि प्रयोग करून ज्ञान मिळवणारी एक संस्था काढायची असं त्यांनी ठरवलं. दोन वर्षांनी राजाची सनद मिळाली, आणि ती संस्था आजतागायत चालू आहे. या निमित्ताने बरंच छापून आलं. न्यूटनच्या सफरचंदाच्या झाडाचा तुकडा मे महिन्यात अटलांटिस यानातून अवकाशात नेऊन आणला, ही बातमी तर शेजारच्या मुलांनीही मला वाचून दाखवली. आपल्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचीही त्याच वर्षी पंचाहत्तरी होती. 1935 साली कलकत्त्यात ती सुरू झाली. तिची बातमी मात्र मला शोधून काढावी लागली.

मी अडखळले ती या संस्थेच्या बोधवाक्यापाशी. होरेस कवीच्या ओळीवरून घेतलेले तीन लॅटिन शब्द आहेत, 'नुलियस इन वर्बा'. अर्थ असा, की कुणाच्याही शब्दावर नाही. थोर माणूस म्हणाला म्हणून खरं मानायचं नाही. करून बघायचं, चार जणांसमोर करून दाखवायचं, मग मानायचं.

शब्दावरच ज्या घराचा सगळा व्यवहार चालला त्या घरात मी वाढले. आजी पहाटे आडावरून पाणी आणायची आणि दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायची. मग ते फडकं उलटं करून, गाळलेल्या पाण्याने हळुवार धुऊन, ती जिवाणी पुन्हा त्याच आडात सोडायची. वरून ओतायची नाही, बादली पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची. मी विचारलं, "आजी, फडक्यावर तर काहीच दिसत नाही." ती म्हणाली, "तुला दिसत नाही म्हणून नसतंय होय? भगवंतानं सांगितलंय." विषय संपला.

पुढे आमच्या समाजात चातुर्मासातल्या व्याख्यानांतून एक वाक्य फार ऐकलं. "बघा, जे विज्ञानाला आत्ता कळलं ते आपल्या धर्मात आधीच होतं." दाखला ठरलेला असतो, पाण्याच्या थेंबातले जीव. मलाही हे ऐकून बरं वाटायचं. त्या थेंबाची गोष्ट नीट वाचल्यावर मात्र थोडी लाज वाटली.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. लॅटिन येत नव्हतं, विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. स्वतः भिंगं घासायची आणि मिळेल ते त्याखाली धरून बघायचं हा त्याचा नाद. 1676 साली त्याने रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं, की पाण्यात अतिशय बारीक प्राणी हिंडताना दिसतात. सोसायटीला ते पटेना. त्याने गावातल्या आठ प्रतिष्ठित माणसांच्या साक्षी लिहून पाठवल्या. तरीही शेवटी रॉबर्ट हूक यांनी स्वतः सूक्ष्मदर्शक लावून, मिरी भिजवलेल्या पाण्यात ते जीव 1677 साली पाहिले आणि इतरांना दाखवले, तेव्हाच ते मान्य झालं. 1680 साली त्या कापडवाल्याला सोसायटीने सभासद करून घेतलं.

यातून आपला धर्म सिद्ध झाला असं म्हणणं मला आता कठीण जातं. एक तर लेव्हेनहूकला दिसलेल्या जिवांतले कितीतरी आजीच्या फडक्यातून आरपार गेले असते. दुसरं, आपल्या शास्त्रात पाण्यात राहणारे त्रस जीव वेगळे आणि पाणी हीच ज्यांची काया ते एकेंद्रिय जीव वेगळे. हे दुसरे कुठल्या भिंगाखाली दिसायचे नाहीत. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. विज्ञान आपल्या बाजूने बोललं की त्याला साक्षीला बोलवायचं आणि उलट बोललं की बाहेर काढायचं, हा खोटा व्यवहार आहे. साक्षीदार ठेवायचा तर त्याचं सगळं ऐकावं लागतं.

मग आजीचं पाणी गाळणं फोल होतं का? तसं मला वाटत नाही. तिथेच माझा खरा प्रश्न सुरू होतो. दयेला पुरावा लागतो का? आणि केवळ दुसऱ्याच्या शब्दावर केलेल्या दयेची किंमत किती?

हा प्रश्न माझ्या स्वतःच्या आयुष्यातला आहे. एस.एस.एल.सी.ला मला गणित आणि शास्त्रात चांगले गुण होते. पी.यू.सी.ला सायन्स घ्यायचं मनात होतं. अण्णांनी एकच विचारलं, "बेडूक कापावा लागतो का?" मी म्हटलं, "हो." "मग नको." मी आर्ट्सला गेले. त्यात मला पुढे गोडीही लागली, तक्रार नाही. पण कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आले, की अहिंसेसाठी मी सायन्स सोडलं. हे खरं नव्हे. मी अण्णांच्या शब्दासाठी सोडलं. बेडूक माझ्या मनात तेव्हा आलाच नव्हता.

हूक यांची दुसरी एक गोष्ट वाचली तेव्हा हे मला स्वच्छ दिसलं. 1664 साली त्यांनी एका जिवंत कुत्र्याची छाती उघडली. श्वासनळीत नळी बसवून भात्याने हवा भरत त्याचं हृदय तासाभराहून अधिक काळ चालू ठेवलं. श्वासाचं शरीरात नेमकं काय काम असतं ते त्यांना बघायचं होतं. नंतर रॉबर्ट बॉइल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवलं, की त्या प्राण्याच्या यातना पाहिल्यावर असला प्रयोग पुन्हा करायला आपलं मन सहजी तयार होणार नाही. त्यांना कुणी गुरूने सांगितलं नव्हतं, कुठलं व्रत घेतलेलं नव्हतं. समोरच्या यातना पाहून एक माणूस मागे सरला. 'कुणाच्याही शब्दावर नाही' हे वाक्य या जागी दयेलाही लागू पडलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. 1667 साली सोसायटीपुढे तो प्रयोग पुन्हा झाला आणि हूकनीच केला. या वेळी दोन भाते लावून हवेचा झोत सलग ठेवला, फुप्फुसं हलूच दिली नाहीत, आणि तरी कुत्रं जगलं. छातीची हालचाल जगवत नाही, ताजी हवा जगवते, हे त्यातून ठरलं. म्हणजे पाहून उपजलेली दया तीन वर्षांत मोडली. आणि आजीची, न पाहता नुसत्या शब्दावर उभी असलेली दया साठ वर्षं रोज पहाटे टिकली. यावरून मी शब्दाला सरसकट कमी लेखू शकत नाही. दया मनात येणं एक आणि ती मन थंड असतानाही पाळली जाणं दुसरं. व्रत हे त्या दुसऱ्यासाठी असतं.

बॉइल यांच्या प्रयोगांत बायकांचाही एक उल्लेख आहे. हवा काढून घेतलेल्या काचेच्या भांड्यात त्यांनी पक्षी ठेवले होते. तडफड पाहून तिथल्या स्त्रियांना राहवलं नाही, हवा आत सोडायला लावून त्यांनी पक्ष्याला वाचवलं. पुढे असला अडथळा येऊ नये म्हणून हे प्रयोग रात्री केले गेले. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. त्या बायकांचं म्हणणं खोडून काढलं नाही, त्यांना नुसतं वगळलं. सोसायटीत पहिल्या दोन स्त्रिया सभासद झाल्या त्या 1945 साली, कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफन्सन. त्याआधी 1902 साली हर्था एर्टन यांचं नाव पुढे आलं होतं, पण विवाहित स्त्री सभासद होऊ शकत नाही असा कायदेशीर सल्ला मिळाला. कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या मंडळींनी स्त्रियांविषयीचा जुना शब्द मात्र जवळपास तीनशे वर्षं तपासून पाहिला नाही.

अर्थात आपणही काही वेगळे नाही. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेच्या आरंभीच म्हटलं आहे, की देव दर्शनाला येतात, आकाशातून गमन होतं, असल्या वैभवामुळे भगवंत आम्हाला थोर वाटत नाहीत. असलं मायावी लोकही दाखवतात. साक्षात आप्ताची परीक्षा करणारा हा आचार्य आपला. सम्यग्दर्शनाला बाधक ज्या तीन मूढता सांगितल्या त्यांत लोकमूढता आहे, गुरुमूढताही आहे. तरी 'मग नको' म्हटल्यावर 'का नको' विचारायची रीत आमच्या घरात नव्हती.

आता हे सगळं आठवायचं कारण सांगते. गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. तिची औषधांच्या संशोधनासाठी निवड झाली आहे. उंदरांवर प्रयोग करावे लागणार. "मावशी, आई म्हणते तुला विचार. तू सांगशील तसं."

पुन्हा शब्दच! या वेळी माझा.

शास्त्र उघड आहे. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडायची. आरंभी, उद्योगी, विरोधी हिंसा त्याला पूर्ण टळत नाही. उंदीर ठरवून मारणं हे संकल्पी. म्हणजे उत्तर सोपं होतं, अण्णांनी दिलं तेच. पण चार वर्षांपूर्वी ह्यांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा दोन दिवस यंत्राने त्यांच्या फुप्फुसात हवा भरली. काचेबाहेर उभी राहून मी णमोकार म्हणत होते. ते यंत्र कुठून आलं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आता त्याच्या मुळाशी मला तो भाता दिसतो, आणि ते कुत्रं. पाप स्वतः केलेलं, करवलेलं आणि अनुमोदलेलं, तिन्ही लागतं असं आपण म्हणतो. औषध घेताना माझी अनुमोदना असते आणि भाचीला नको म्हणताना माझे हात स्वच्छ असतात, हे कसं? दुसऱ्या कुणाच्या मुलीने उंदीर मारावा आणि गोळी आम्ही घ्यावी, याला अहिंसा म्हणायला माझी जीभ रेटेना.

उलट बाजूही मी स्वतःपुढे मांडली. फायदा झाला म्हणून कृत्य योग्य ठरत नाही. चोरीच्या पैशाने कुणाचं पोट भरलं तरी चोरी ती चोरीच. ते कुत्रं ह्यांच्यासाठी राजीखुशीने मेलं नव्हतं. म्हणून 'त्याने माणसं वाचतात, खुशाल कर' हेही मला म्हणवेना. रसेल आणि बर्च या दोघांनी 1959 साली या प्रयोगांसाठी तीन गोष्टी सांगितल्या: जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग काढा, नाही जमलं तर संख्या कमी करा, आणि यातना कमी करा. मला ते अणुव्रतांच्या जवळचं वाटलं. पूर्ण सुटत नाही म्हणून मर्यादा घालणं.

शेवटी मी भाचीला म्हटलं, "माझ्या शब्दावर जाऊ नकोस आणि माझ्या शब्दावर थांबूही नकोस. गेलीस तर ते काम दुसऱ्याच्या हाती सोपवून बाजूला होऊ नकोस, समोर उभी राहा. दर वेळी विचार, हा एक उंदीर खरंच लागणार आहे का? आणि एखाद्या दिवशी वाटलं की आता माझ्याने होणार नाही, तर ते वाटणं रात्रीवर ढकलू नकोस." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हो की नाही?" मी म्हटलं, "ते तुझं तू ठरव. पण पापाचा वाटा लागला तर त्यात मीही आहे, हे नक्की."

बहिणीला हे उत्तर आवडलेलं नाही. तिचा राग मला समजतो. अण्णा असते तर तेही रागावले असते.

मी अजूनही पाणी गाळते. नळाचं असलं तरी गाळते. फडक्यावर काही दिसत नाही हे मला माहीत आहे, आणि जे गाळलं जात नाही तेही आता माहीत आहे. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसते तेव्हा कळत-नकळत दुखावलेल्या जिवांची क्षमा मागताना आता थोडी थांबते. माझ्यासाठी इतरांनी जे जीव घेतले ते मी आजवर त्यात कधी मोजलेच नव्हते. ते आता मोजते.